त्याचं तू वाचू नगंस

ऊस रस्त्यावर आला की मला ती कादंबरी आठवते. लोकांना ऊस बघून गुऱ्हाळ आठवतं, संक्रांत आठवते. मला आठवतात पुण्यातली एक पोरगी आणि एक पोरगा, जे अडीचशे पानं नुसते बोलत होते, आणि त्यांचं बोलणं डोळे मिटून ऐकणारी माझी सासू.

परवा ऑफिसच्या कामासाठी साताऱ्याहून कराडला निघाले होते. सकाळची एसटी उंब्रजजवळ अडकली. पुढं दोन-दोन ट्रेलर जोडलेले उसाचे ट्रॅक्टर आणि धुकं असं दाट, की शेवटच्या ट्रेलरला बांधलेलं लाल फडकं तेवढं दिसत होतं. कुठूनशी साखर कारखान्याच्या मळीची आंबूस-गोड वाफ खिडकीतून आत आली. शेजारच्या बाईनं नाकाला पदर लावला. मी खिडकी आणखी सरकवली. तेवढ्यात बाहेर धुक्यातून कुणीतरी हाक मारली. एकदाच. मी झटकन म्हणाले, "ओ!"

शेजारीण बघतच राहिली. "तुमाला न्हवं मारली हो," ती म्हणाली.

"असू दे," मी म्हणाले.

तिला काय सांगणार? आमच्या भागात धुक्यात पहिल्या हाकेला ओ देणारी बाई एक तर खुळी असते, नाहीतर बाहेरगावची. मी दोन्ही नाही. मी ते सासरी, कुंडलमध्ये शिकले, चार वर्षांपूर्वीच्या हंगामात, आणि फार महागात पडलेला धडा आहे तो. पडला दुसऱ्याला, शिकले मी.

मी साताऱ्यात एका वकिलांकडं टाइपिंग करते. दिवसभर लोकांची भांडणं टाइप करायची. बांध कुणी कोरला, कोण कुणाला काय म्हणालं, 'सदर इसमाने मला दमदाटी केली'. त्या कागदांत सगळे बोलत असतात, पण कुणी कुणाला उत्तर देत नाही. वीस वर्षं हे केल्यावर माणसं गोड बोलतात यावरचा माझा विश्वासच उडालेला. म्हणून असेल, त्या वर्षी सातारच्या स्टँडवर पुस्तकांच्या गाड्यावर ती कादंबरी चाळली आणि खालीच ठेवता येईना. मुखपृष्ठावर कॉफीचे दोन कप. आत रेवा आणि निहार. झाड नाही, डोंगर नाही, 'तो म्हणाला, ती म्हणाली' सुद्धा नाही. नुसतं बोलणं. चेंडू इकडून तिकडं, तिकडून इकडं.

"तू नेहमी उशिरा येतेस."

"तू नेहमी लवकर येतोस. चूक कुणाची?"

"घड्याळाची."

"मग त्याच्याशी भांड. मला भूक लागलीय."

कराड कधी आलं कळलं नाही. ओळखायचं कसं कोण बोलतंय? पण चार पानांत कळायला लागतं. तिची वाक्यं दार आपटल्यासारखी, त्याची दार हळूच उघडल्यासारखी. मी बसमध्ये एकटीच हसत होते. प्रेमाच्या गोष्टी मला फारशा आवडत नाहीत, पण ही आवडली, कारण यात कुणी उसासे टाकत नव्हतं. दोघं एकमेकांना उत्तर देत होते, बस.

कुंडलला निघाले होते ती आत्यांच्या डोळ्यांसाठी. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, गजराबाई. आमचे मामा, म्हणजे सासरे, आदल्याच वर्षी हंगामात गेले होते. रिटायर्ड फौजी. सकाळी मोटर चालू करायला म्हणून उसात गेले आणि बांधावर हृदयविकारानं संपले. तेव्हापासून आत्या मळ्यातल्या घरात एकट्या. साताऱ्याला चला म्हटलं की म्हणायच्या, "मी न्हाई येत. हितंच बरी हाय." का ते सांगत नव्हत्या. शेवटी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले, तेव्हा सांगलीच्या दवाखान्यात महिन्याच्या अंतरानं दोन ऑपरेशनं ठरली. आमचे हे साताऱ्यात कारखान्यात शिफ्टला. सुनेनं जायचं, नाहीतर कुणी? वकीलसाहेब फुरफुरले, मी दोन महिने रजा घेतली.

घर गावाबाहेर, तीन बाजूंनी ऊस. सोप्यात कॉटवर बसलं की समोर दहा-बारा फूट उंचीची हिरवी भिंत. वारा नसला तरी आत काहीतरी सळसळतच असायचं. उसाचं वाळलेलं पाचट वाजतं, कोल्हं फिरतं, उंदीर असतात, सगळं ठाऊक आहे मला, मीही शेतकऱ्याचीच पोर. पण सकाळी धुकं आलं की ती भिंतही नाहीशी व्हायची आणि नुसता आवाज उरायचा. दहा वाजेपर्यंत अंगणात आपण आहोत का हे आपल्यालाच विचारावं लागायचं.

पहिल्याच आठवड्यात मी चूक केली. चुलीपाशी होते, उसापलीकडून हाक आली, "वैनीऽ!" मी ओरडले, "ओऽ!"

आत्यांनी कॉटवरून असा हात आपटला की डोळ्यावरची पट्टी हलली. "आगं बया! पयल्या हाकंला ओ? सातारला जाऊन अक्कल गान ठिवलीस व्हय?"

"कमल असेल, शेजारच्या वस्तीवरची. विरजण मागायला."

"आसंल. पर धुक्यात पयल्या हाकंला ओ दिऊ ने. माणूस आसलं तर तीनदा हाक मारतंय. ते आसलं तर एकदा मारतंय, दोनदा मारतंय. तिसरी न्हाई मारता येत त्याला."

"ते म्हणजे कोण?"

"ते म्हंजी ते."

मी हसले. कमलच होती, विरजणाला वाटी घेऊन. तिला हे सगळं पाठ, ती आपली तिन्ही हाका एका दमात मारून मोकळी व्हायची: "वैनी-वैनी-वैनीऽ!" तिकडं सगळेच तसे. उसातून कुणी एकेरी हाक मारतच नाही. मला गंमत वाटायची. आज वाटत नाही.

डोळ्यात दोन औषधं घालायची होती. पहिलं घातलं की पाच मिनिटं डोळे मिटून पडायचं, मग दुसरं, मग पुन्हा पाच मिनिटं. असं दिवसातून चार वेळा. आत्यांना डोळे मिटून पडणं म्हणजे शिक्षा. "नुसतं काय पडू? मेल्यावानी?" म्हणून मी पिशवीतून कादंबरी काढली. म्हटलं, दहा मिनिटं वाचून दाखवते. त्या दहा मिनिटांचा तास झाला; पुढं न जाता तीच चार-पाच पानं आत्या पुन्हा पुन्हा वाचायला लावायच्या.

काय रंगायच्या! रेवाचं बोलणं ऐकून म्हणायच्या, "पोरगी त्वांडाळ हाय. पर खरं बोलती." निहारचं मी घोगऱ्या आवाजात वाचायचे, त्यावर खुदखुदायच्या. एकदा मात्र मला मध्येच थांबवलं.

"काय गं, ही एकमेकांची नावं घेत्यात की! भर हाटेलात! रेवा काय, निहार काय, दर वाक्याला!"

"आता घेतात आत्या. मामा काय म्हणायचे तुम्हाला?"

"काय म्हननार? इलासची आई."

विलास म्हणजे माझा नवरा. त्यांचं नाव लिहिताना माझाही हात अडखळला, हे कबूल करते.

"आणि हे व्हायच्या आधी?"

"आगं ए."

"आणि तुम्ही त्यांना?"

"आवं."

झालं. 'आगं ए' आणि 'आवं' यांच्यावर बावन्न वर्षांचा संसार. त्यातली निम्मी वर्षं मामा फौजेत. "वर्साला दोन म्हैन्याची सुट्टी," आत्या म्हणाल्या, "त्यातला एक म्हैना उसात जायाचा, एक भावकीच्या भांडनात. बोलायचं कवा?" हसत म्हणाल्या, पण लगेच 'पुढं वाच' म्हणाल्या. मी पान उलटलं.

वाचनाचं सुख असं वाटून घेतलं की वाढतं, हे मला तेव्हा कळलं. एकटीनं वाचताना मी पळायचे, पुढं काय, पुढं काय. आत्यांबरोबर वाचताना एकेका वाक्याची चव कळायला लागली. भाकरी थापताना मी रेवाची वाक्यं पुटपुटायचे. कमल सुद्धा विरजणाच्या निमित्तानं उंबऱ्यावर टेकायची. दूर साखर कारखान्याचा भोंगा व्हायचा, रस्त्यावरून गाणी लावलेले ट्रॅक्टर जायचे, आणि आमच्या सोप्यात पुण्याची पोरं भांडायची. मजेचे दिवस होते ते.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी औषध घातलं, पुस्तक उघडलं, आणि आत्या डोळे मिटूनच म्हणाल्या, "त्याचं तू वाचू नगंस."

"कुणाचं?"

"त्या पोराचं. तू पोरीचं वाच."

"का? माझा आवाज आवडत नाही होय?"

"तसं न्हवं. त्याचं मला ऐकू येतंय."

मला वाटलं, बरंच झालं, घशाला आराम. मग तसं सुरू झालं. रेवाचं वाक्य मोठ्यानं, निहारचं मनात, पुन्हा रेवाचं मोठ्यानं. आणि आत्या हसायच्या तिथंच हसत होत्या. मी निहारचं वाक्य मनात वाचत असताना.

एक जागा मला पाठ आहे. रेवाचं वाक्य मी वाचलं: "मला तुझी सवय लागू द्यायची नाहीये." त्यावर निहारचं वाक्य होतं, "उशीर झाला. काल माझ्या कपातला चहा तू प्यालीस." ते मी मनात वाचलं आणि पुढच्या वाक्याला तोंड उघडणार, तेवढ्यात आत्या गालात हसल्या. "उष्टा च्या प्याली व्हय? मग संपलंच."

चहा हा शब्द मी उच्चारलाच नव्हता.

बाहेर धुकं होतं. उसाचा आवाज येत होता, तोही थांबला असं मला वाटलं. मग मीच मला समजावलं: टाइप करताना माझे ओठ हलतात, वकीलसाहेब चिडवतात त्यावरून, तसे हलले असतील, आवाज निसटला असेल. आंधळ्या माणसाचे कान तिखट होतात म्हणतात. असं म्हणून मी पुढं वाचलं. पण दुसऱ्या दिवशी मुद्दाम एक खोड काढली. रेवाचं वाक्य वाचलं आणि निहारच्या वाक्यावर नजरच टाकली नाही. खिडकीच्या गजाकडं बघत बसले.

आत्या वाट बघत राहिल्या. कपाळाला आठी पडली. मग हळू म्हणाल्या, "आज बोलत न्हाईत."

'न्हाईत'! पुण्यातल्या त्या जीन्स घालणाऱ्या पोराला आत्या अहोजाहो कधीपासून करायला लागल्या? मी पुस्तक मिटलं आणि दूध उतू जातंय म्हणून आत गेले. दूध चुलीवर नव्हतंच.

त्यानंतर माझंच बिघडलं. मनात वाचताना निहारचा आवाज मला ऐकू यायला लागला आणि तो पुण्याचा राहिला नाही. आधी एक खाकरणं, मग जाडसर, तुटक. मामा बोलायच्या आधी असेच खाकरायचे. फौजेतनं आलेले, 'हो' कधी म्हणायचे नाहीत, 'बिलकूल' म्हणायचे. एका पानावर रेवा विचारते, "येशील ना?" आणि मी त्याचं उत्तर मनात ऐकलं, "बिलकूल." पुढं चार वाक्यं गेल्यावर थबकले. मागं येऊन बघितलं. तिथं छापलं होतं, "येईन." एवढंच. वाचलेली सगळी पानं चाळली, 'बिलकूल' कुठंच नाही.

रविवारी आमचे हे आले, त्यांना सांगितलं. म्हणाले, "तू आणि आई दोघी मिळून मला वेड लावा आता. औषध कडक आहे तिचं. आणि तुझ्या डोक्यात ते पुस्तक शिरलंय. बघू, काय आहे काय त्यात?" उभ्या उभ्या तीन पानं वाचली. मग बसून वाचली. मग पुस्तक घेऊन अंगणातल्या बाजेवर गेले. चहा गार झाला. संध्याकाळी निघताना मला बाजूला घेऊन विचारलं, "लग्न होतं का गं त्यांचं?" अशी ही कादंबरी! भुतांची भीती घातलेली बाई एकीकडं, आणि 'लग्न होतं का' विचारणारा नवरा एकीकडं. हसावं का रडावं कळेना.

पुढचं प्रकरण मी आधी बघून ठेवलं असतं तर वाचलंच नसतं. रेवा रुसलेली. निहार फोन करतोय आणि ती उचलत नाही. अख्खं प्रकरण त्याच्याच वाक्यांचं. म्हणजे मला मोठ्यानं वाचायला त्यात एकही ओळ नव्हती.

मी म्हणाले, "आत्या, या प्रकरणात पोरगी बोलतच नाही."

"असू दे. तू पानं उलट."

म्हणून मी नुसती पानं उलटत बसले. सकाळचे साडेसात-आठ. आत्या कॉटवर डोळे मिटून, मी खाली पाटावर. घरात चिटपाखराचा आवाज नाही. मी मनात वाचत होते. "रेवा, उचल." खाली मोकळी जागा. "रेवा." पुन्हा मोकळी जागा. आणि त्या मोकळ्या जागांत बाहेरचं पाचट वाजत होतं.

आत्या एकदम उठून बसल्या. "उचल की गं बये!" केवढ्यानं ओरडल्या! "दोनदा मारली त्यानं! तिसऱ्याची वाट बगतीस व्हय? तिसरी न्हाई यायची! उचल!"

मी पुस्तक टाकून त्यांना धरलं. डोळ्याला झटका बसू नये हेच डोक्यात. आणि मग, माझ्या दंडाला घट्ट धरून, मिटल्या डोळ्यांनी, त्यांनी मला ते सांगितलं जे वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं.

"ह्यांनी हाक मारल्याली, वैशे. दोनदा."

मी त्यांच्या पाठीला उशी लावली.

"असंच धुकं हुतं. हे मोटर चालू कराया गेल्यालं. मी चुलीम्होरं. हाक आली. 'गजरा.' आसं, नाव घिऊन. आगं, बावन वर्सांत ह्यांनी माझं नाव भाईर कवा घेतलं न्हवतं. खोलीत घ्यायचं. दार लावल्यावर, हळू. दुसऱ्या कुनाला ठावंच न्हवतं. भाईर कायम इलासची आई. मला वाटलं, हे न्हवंत. हे आसतं तर इलासची आई म्हनलं आसतं. ह्ये ते हाय. माझं नाव ठावं असल्यालं. पुन्ना आली. 'गजरा.' मी पदर त्वांडात कोंबला. म्हनलं, तिसरी यीऊ दे. तिसरी आली की जाते." त्यांना धाप लागली. "आली न्हाई. तव्यावरची भाकरी करपली. मग मी दुसरी टाकली. च्याला येतीलच म्हनून बसले."

दीड तासानं कमलच्या नवऱ्याला मामा बांधावर सापडले होते, ते मला ठाऊक होतं.

आयुष्यभर लोकांचे जबाब टाइप केले. असा एकही नव्हता. सरळ सांगते, मला हुंदका आवरला नाही. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "आत्या, डॉक्टर म्हणाले होते ना, दहा मिनिटांत सगळं संपलं. तुम्ही गेला असता तरी काही करता आलं नसतं."

"वाचवायचं कोन म्हनतंय?" आत्या फटकन म्हणाल्या. "ओ दिली आसती मी. नाव घिऊन हाक मारली त्यांनी, लाज सोडून, आन मी ओ न्हाई दिली. ह्येच घिऊन गेलं ते." मग जरा वेळानं, "म्हनून सातारला न्हाई आले. म्हनलं, तिसरी आली तर? घरात कोन पायजे का नको?"

तिथून पुढं आठवडाभर पुस्तक बंद. औषध घालायचे, पाच मिनिटं मोजायचे. मधूनच विचारायच्या, "उचलला का गं तिनं?" मी म्हणायचे, "मी पुढं वाचलं नाही अजून." साफ खोटं. मी गोठ्यामागं उभी राहून शेवटपर्यंत वाचलं होतं. पण ते त्यांना वाचून दाखवावं का, तेच कळत नव्हतं. गोड शेवट होता. ज्या बाईची हाक कायमची हुकली तिला गोड शेवट कसा वाचून दाखवायचा? बदलून वाचावा तर त्यांना मनातलं ऐकू येतंय. मोठी पंचाईत.

तेवढ्यात ऊसतोडीची टोळी आली. दोन दिवस कोयते चालले. ती हिरवी भिंत आडवी झाली, मोळ्या बांधल्या, ट्रॅक्टर भरून गेले, टोळी पुढच्या गावाला गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी अंगणात आले आणि थबकले. समोर सगळं उघडं. आणि तो बांध, जो मी कुठंतरी लांब असेल असं धरून चालले होते, तो हा इथं. मी चुलीच्या दारातून चालत निघाले, पावलं मोजत. तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून ठेचकाळत बांधावर पोचले, मागं वळले. तोंड उघडायच्या आत कॉटवरून आत्यांचा आवाज आला.

"बेचाळीस."

काळा चष्मा लावून त्या बसल्या होत्या. "मी कवाच मोजल्यात," म्हणाल्या.

मला मग राहवलं नाही. परत आले, पुस्तक काढलं आणि म्हणाले, "ऐका आता. शेवट वाचते." रेवाचं वाक्य वाचलं: "हॅलो. मी बोलतेय."

आत्या पुढं सरकल्या. "म्हंजी उचलला तिनं?"

"नाही. त्याचा फोन तिनं उचललाच नाही. तीन दिवसांनी तिनंच लावला."

"तिनं लावला?"

"हो."

"आन त्यानं घेतला?"

"घेतला."

"चिडला न्हाई?"

मी निहारच्या ओळीवर बोट ठेवलं. त्या वेळी मला कुणाचाच आवाज ऐकू आला नाही, ना पुण्याचा ना मामांचा. म्हणून मोठ्यानं वाचली. "'कुठं होतीस?' एवढंच."

आत्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "लावता येतो व्हय उलटा," म्हणाल्या. बाकी काही नाही. राहिलेली चार पानं त्यांनी ऐकलीच नाहीत बहुतेक.

दुसऱ्या दिवशी उठले तर आत्या आधीच तयार. डोक्याला माझा स्कार्फ गुंडाळलेला, चष्मा लावलेला. "मला बांदावर ने."

"धुकं आहे आत्या. डोळ्याला..."

"धुकं हाय म्हनूनच म्हनते."

काय बोलणार? हात धरून नेलं. ऊस नव्हता आता, नुसतं पांढरं. मागं वळून बघितलं तर घरही नव्हतं. बेचाळीस पावलं झाली तशा आत्या थांबल्या. माझा हात सोडला. पदर डोक्यावर नीट घेतला. आणि बाहेर, उघड्या रानात, उखाण्याशिवाय, एखाद्या पोरीनं मैत्रिणीला मारावी तशी हाक मारली.

"हिंदुराव!"

माझ्या सासऱ्यांचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

थांबल्या. "हिंदुराव!"

पुन्हा थांबल्या. तिसऱ्या वेळी आवाज चिरकला, पण जोरात निघाला. "हिंदुराव!"

मग माझ्याकडं वळून, मला कुणी काही विचारलेलं नसताना म्हणाल्या, "तीनदा मारली. म्हंजी त्यास्नी कळंल, जिती बाई हाक मारतीया. भ्याचं काय कारन न्हाई."

आणि त्या धुक्यातून, बांधाच्या पलीकडून, कुणीतरी खाकरलं. एकदा. बोलायच्या आधी खाकरतात तसं.

टोळी गेलेली होती. कमलचा नवरा सांगलीला गेला होता. मी नंतर चौकशी केली, म्हणून सांगते. त्या वेळी मात्र मी जागची हलले नाही. भीती वाटली का? वाटली. खोटं कशाला बोलू. आत्या मान जराशी तिरकी करून ऐकत होत्या, कादंबरीतला निहार ऐकायच्या तसंच. मग गालात हसल्या.

"चल," म्हणाल्या, "औशदाची येळ झाली."

काय ऐकलं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पण त्याच उन्हाळ्यात आपणहून साताऱ्याला आल्या, गाठोडं बांधून. तीन वर्षं राहिल्या. कादंबरी मी त्यांना आणखी दोनदा वाचून दाखवली, दोघांचं बोलणं मोठ्यानं. पुन्हा कधी 'त्याचं वाचू नगंस' म्हणाल्या नाहीत. डोळे चांगले झाले होते, तरी वाचताना मिटून घ्यायच्या. रेवा फोन लावते तिथं दर वेळी म्हणायच्या, "शाणी पोरगी."

गेल्या आषाढात महिनाभर म्हणून कुंडलला गेल्या, कमलच्या सोबतीनं. एक दिवस दुपारी माझ्या मोबाइलवर त्यांचा फोन येऊन गेला. मी जबाब टाइप करत होते, मोबाइल पर्समध्ये आवाज बंद करून. पाऊण तासानं बघितलं. एकच मिस्ड कॉल. मी लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा कमलनं उचलला आणि ती नुसती रडत होती.

माझ्या मोबाइलमध्ये त्या मिस्ड कॉलची ओळ अजून आहे. वकीलसाहेब म्हणतात, फोन जुना झाला, बदला. मी बदलत नाही.

तर, उंब्रज. शेजारीण म्हणाली, तुम्हाला नव्हे मारली. तिला काय ठाऊक? नाव माझंच होतं. आता कुणी म्हणेल, वैशाल्या या भागात ढिगानं आहेत, ट्रॅक्टरवाल्यानं बायकोला मारली असेल. मारली असेलही. पण 'वैशे' म्हणून मला एकच बाई बोलवायची. आणि 'शे' जरा लांबवायची.

एसटी हलली. मी खिडकी बंद केली नाही. दुसरी हाक येते का म्हणून कान लावून बसले होते. आली नाही. कशाला येईल? पहिलीलाच ओ मिळाली होती.